आखूड डावी दोरी

अप्पा, काल किनाऱ्यावर तुमचा पतंग उडवला. दुपारनंतर समुद्राकडून वारा आला, मी समुद्राकडे पाठ करून उभी राहिले, आणि पतंग वर गेला तसा डावीकडे कलला. दर वेळी कलतो.

तुम्ही तो छत्रीच्या कापडाचा शिवला होता, आपल्या वेस्ट मांबलमच्या घरच्या स्वयंपाकघरात, कारण सपाट पसरायला जागा तेवढीच होती. आई पातेलं घेऊन भिंतीच्या कडेकडेने चालते आहे, पतंगाकडे बोट करून "आज भात या काट्राडीवरच वाढू का?" म्हणते आहे. तुम्ही मान वर करत नाही. तांबरमच्या कॉलेजात ड्रॉइंग शिकवायची सवय, म्हणून फरशीवर खडूने आकार काढत मला सांगता आहात: महायुद्धात नौदलाने दोन दोऱ्यांचे पतंग उडवले, तोफा चालवणाऱ्यांना नेम धरायला हलतं लक्ष्य हवं होतं, पुढे ते खेळात आले, आधी शंकरपाळ्यासारखे, मग असे रुंद त्रिकोणी, आता चार दोऱ्यांचेही निघालेत, ते हवेत थांबतात, मागे सरकतात.

पहिल्या दिवशी मी दोन्ही हात हँडलसारखे वळवले आणि पतंग वाळूत आपटला. "स्कूटर नाही ही, कण्णा. उजवीकडे जायचं तर उजवा हात ओढ. बास." तेवढ्यात पोलीस आला. इथे मांजावर बंदी, त्याचं बरोबरच होतं. तुम्ही दोरी त्याच्या बोटांवरून सरकवली. "काचेची पूड नाही, सार. हा कापत नाही, वळतो." मग पतंग पुन्हा वर चढवून उजवीकडे-डावीकडे वळवून दाखवलात. तो म्हणाला, "एकदा माझ्याकडे द्या."

पुढे तुम्हाला अर्धांगाचा झटका आला. डावा हात पुरता मागे येईना. दोन्ही दोऱ्या सारख्या हव्यात, हे तुम्हीच शिकवलेलं; आणि तुम्हीच गाठ मारून डावी दोरी आखूड केलीत. "हात मागे येत नाही, तर दोरीने यावं," इतकंच म्हणालात. पतंग सरळ गेला. त्या पोंगलला उडवलात, ते शेवटचं.

काल पेरुंगुडीच्या ऑफिसातला एक सहकारी सोबत होता, मूळचा पुण्याचा. त्याने दोन्ही दोऱ्या ताणून शेजारी धरल्या.

"अगं, डावी आखूड आहे. गाठ सोड ना, मिनिटाचं काम."

"माहीत आहे."

"मग इंजिनिअर कशाला झालीस?"

मी चहाचा विषय काढला.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून त्याला न सांगितलेलं इथे लिहिते. गाठ न सोडता हा पतंग सरळ न्यायचा एकच उपाय आहे. डावा हात पुढे ठेवायचा, कोपर किंचित वाकवून, खांदा खाली सोडून. मी तो तसा, तुमचा राहायचा तसा, ठेवते, आणि नजर वर ठेवते. खाली पाहिलं, तर तो हात माझा निघतो.