गोवळकोंड्याच्या थांब्यावर

मानोरा बसस्टँड,
शुक्रवार, ११ जुलै २०२५

प्रिय प्रसेनजित यास,
पप्पांचा सप्रेम जय भीम.

आम्ही इकडे बरे आहोत. तूही अकोल्याला मावशीकडे बरा असशील. पौर्णिमा आठवीत गेली हे तुला माहीतच आहे, पण ती आता स्वतःला कॉलेजातली समजते आणि आरशासमोरून हलत नाही, ही ताजी खबर. आजोबांचं सोयाबीन गुडघ्याला लागायला आलं. डवरणी चालू आहे. मी गेलो की ते मला कामाला लावत नाहीत, 'तू तिकीटच फाड' म्हणतात. तिकीट आता मशीनमधून निघतं हे त्यांना सांगून मी थकलो.

पत्र पाहून तुला हसू येईल. रोज फोन होतो, मग हे काय मध्येच? पण तुझा मोबाईल इकडेच आहे, फोन तुझ्या मावशीचा असतो, तिचा स्पीकर कायम चालू, मागे कुकरच्या शिट्ट्या, आणि तू 'हो', 'बरं', 'जेवलो' एवढ्या तीन शब्दांत मला उरकतोस. मला जे बोलायचं आहे ते त्यात बसत नाही. म्हणून वही घेतली. गाडी सव्वातीनला सुटते. ड्रायव्हर धरमसिंगकाका स्टिअरिंगवर डोकं टेकून झोपले आहेत, म्हणजे अजून वेळ आहे.

आधी कामाचं. नागपूरच्या तंत्रनिकेतनाच्या दुसऱ्या यादीत तुझं नाव लागलं आहे, आर्किटेक्चरच्या डिप्लोमाला. मी नेटकॅफेत जाऊन डोळ्यांनी पाहिलं, प्रिंट काढून आणली. मंगळवारी, पंधरा तारखेला, प्रवेश पक्का करायचा शेवटचा दिवस आहे. तूही पाहिलंच असशील आणि कुणाला बोलला नसशील. तुझी आई नको म्हणते. पोरगा अकरावी सायन्सला लागला, मावशीच्या नजरेसमोर आहे, झालं, असं तिचं म्हणणं. ती का नको म्हणते ते तुला माहीत आहे. मलाही माहीत आहे.

ते सगळं हैदराबादपासून सुरू झालं, म्हणून मीही तिथूनच सुरू करतो.

मे महिन्यात आपण निघालो तेव्हा तुमच्यापेक्षा मलाच जास्त हौस होती. आयुष्यभर एसटीच्या पासवर नातेवाइकांची लग्नं आणि सांत्वनं केली. नुसतं पाहायला, फिरायला म्हणून आपण कधी गेलोच नव्हतो. आईला हुसेनसागरातली तथागतांची मूर्ती पाहायची होती, पौर्णिमेला बांगड्यांचा बाजार, तुला इमारती. वाशीमहून काचीगुड्याच्या गाडीत बसलो तेव्हा माझ्या खिशात चार दिवसांचं वेळापत्रक होतं. अकरा ठिकाणं, जायची वेळ, यायची वेळ, सोबत राखीव पंधरा मिनिटं. तू ते वाचलंस आणि घडी घालून परत दिलंस.  मला वाटलं, पोरगं खूश झालं.

आता आठवलं की हसू येतं. चारमिनारवर चढताना मी तुम्हाला एका ओळीत उभं केलं. वस्तुसंग्रहालयात त्या मोठ्या घड्याळातून छोटा माणूस बाहेर येऊन टोले देतो, लोक तोंड उघडं ठेवून पाहत होते, आणि मी माझ्या मनगटावरचं घड्याळ पाहत होतो. बरोबर बारा वाजले, सेकंदाचाही फरक नाही, याचाच मला आनंद. प्रत्येक सिटी बसमध्ये चढलो की तिथल्या कंडक्टरला सांगायचं, 'हम भी कंडक्टर है, महाराष्ट्र में.' तू खिडकीतून बाहेर पाहायला लागायचास. मूर्तीकडे नेणाऱ्या बोटीत आईचे डोळे भरून आले होते, तिला अजून थोडं थांबायचं होतं. आणि मी म्हणालो, 'चला, पाच मिनिटं वर झाली.' आता वाटतं, मी तिला थांबू द्यायला हवं होतं.

तिसऱ्या दिवशी गोवळकोंडा. तू त्या दरवाज्यापाशी उभा राहिलास, हत्ती धडकू नये म्हणून ठोकलेले लोखंडी खिळे पाहत, आणि वहीत काढू लागलास. मी तीनदा हाक मारली. मग तू मोबाईल काढून फोटो घ्यायला लागलास, तेव्हा मी येऊन तो तुझ्या हातातून काढला आणि माझ्या खिशात टाकला. तेव्हा तू म्हणालास, 'पप्पा, तुमी आमाले फिरवून नाई राह्यले. ड्यूटी करून राह्यले.'

पौर्णिमा हसली. आई पण हसली.

मग परत निघताना, तुला माहीतच आहे, थांब्यावर गर्दी होती, बस लागली, आई आणि पौर्णिमा पुढच्या दारानं चढल्या, मी मागच्या. तू रस्त्यापलीकडे भिंतीला टेकून चित्र काढत होतास. गडबडीत तू मागे राहिलास.

धरमसिंगकाका उठले. बाकीचं नंतर लिहितो.

मंगरूळपीर, घरी
रविवार, १३ जुलै

बाळा, शुक्रवारी लिहिलेलं शेवटचं वाक्य खोटं आहे. पान फाडून टाकावं असं वाटलं होतं, पण राहू दिलं. दोन महिने मी सगळ्यांना तेच सांगत आलो, तेव्हा ते कागदावरही एकदा तुला दिसू दे.

तू गडबडीत मागे राहिला नाहीस. मी तुला मागे ठेवलं.

मी पायरीवर उभा राहून तुला हाक मारली. तू वहीतून डोकं न काढता हात वर केलास, दोन मिनिटं, म्हणून. सकाळचं तुझं बोलणं माझ्या डोक्यात होतंच. खरं सांगू, तुझ्या बोलण्यापेक्षा तुझ्या आईचं हसणं मला लागलं होतं, कारण तू बोललास ते खरं होतं आणि तिला ते आधीपासून माहीत होतं. माझ्या डोक्यात सणक गेली. तिथल्या कंडक्टरनं मला विचारलं. माझ्याशी त्याची चढतानाच ओळख झाली होती, म्हणून मलाच विचारलं, 'सब आ गए ना, भाईसाब?' मी तुझ्याकडे पाहिलं आणि म्हणालो, 'आ गए. चलने दो.'

एकवीस वर्षांच्या नोकरीत मी एकही प्रवासी मागे सोडला नाही. डेपोत यावरून माझी चेष्टा होते, की धम्मरत्न बाथरूमला गेलेल्या म्हाताऱ्यासाठी गाडी उभी करतो आणि ड्रायव्हरच्या शिव्या खातो. आणि मी एका कंडक्टरला तोंडावर खोटं सांगितलं, तेही माझ्याच पोराच्या बाबतीत.

मला वाटलं होतं, पुढच्या थांब्यावर उतरू. तू धावत येशील, घामाघूम होशील, बापाचं ऐकायचं असतं एवढं समजेल. पण परक्या गावात पुढचा थांबा कुठं आहे हे मला कुठं ठाऊक होतं? बस वळली, मग पुलावर चढली, मग गर्दी. तुझा मोबाईल माझ्या खिशात आहे हे मला पुलावर आठवलं. तेवढ्यात पुढून आईचा आवाज आला, 'अवो, पोरगं कुठी हाय?' आणि मी म्हणालो, 'अरे! चढलाच नाई का थो?' असा चेहरा केला की नाटकात बक्षीस मिळालं असतं.

आम्ही ऑटो करून परत आलो तेव्हा तू तिथं नव्हतास. थांब्यावरचा रसवंतीवाला म्हणाला, लडका बहुत देर खड़ा था, फिर पैदल निकल गया. नंतरचं तुला कुणी नीट सांगितलं नसेल. पोलीस चौकीत त्यांनी विचारलं, मुलाच्या अंगात कोणत्या रंगाचा शर्ट आहे? मला सांगता येईना. कोणता प्रवासी कुठं बसला, कुणाच्या मांडीवर पोर आहे, हे मी डोळे मिटून सांगतो. तुला मी सकाळपासून पाहत होतो, ओरडत होतो, आणि तुझा शर्ट मला आठवेना. पौर्णिमेनं सांगितलं, आकाशी. आई खाली बसून होती. 

संध्याकाळी आपण उतरलो होतो त्या लॉजच्या मालकाचा फोन आला, आपका बेटा आ गया. चौदा किलोमीटर. विचारत विचारत तू काचीगुड्यापर्यंत पायी आला होतास. एका चपलेचा अंगठा तुटला होता आणि ती तुझ्या हातात होती. आई तुला धरून रडायला लागली, मग मारायला लागली, मग पुन्हा रडायला. आणि तू म्हणालास, 'मम्मी, रडू नको. माहीच गलती हाय. मी चित्र काढत बसलो, बस आली ते दिसलंच नाई मले.'

प्रसेन, तुला बस दिसली होती.

बस हलली तेव्हा तू वर पाहिलंस. मी मागच्या दारात होतो. मधे फक्त रस्ता होता, आणि आपली नजरानजर झाली. तू वही मिटलीस, एक पाऊल पुढे टाकलंस, आणि थांबलास. माझ्या चेहऱ्यावर जे होतं ते तू वाचलंस. मी हात वर केला असता, नुसती शिटी मारली असती, तरी बस थांबली असती. मी तुझ्याकडे पाहत राहिलो.

तुला सगळं माहीत होतं, आणि तू खोटं बोललास. लॉजच्या खोलीत बोललास, घरी आल्यावर आजोबांना बोललास, गल्लीतल्या बायका 'मोबाईलमंदी डोकं असन पोराचं' म्हणाल्या तेव्हाही मान खाली घालून उभा राहिलास. मोबाईल तर तुझ्याकडे नव्हताच.

जूनमध्ये नागपूरचा विषय निघाला तेव्हा आई म्हणाली, 'ज्या पोराले समोरची बस दिसत नाई, त्याले नागपुरात एकटं ठेवू?' तू माझ्याकडे पाहिलंस. एकदाच. मी भाकरीचा तुकडा मोडत होतो. तो मी वरणात बुडवला आणि खाल्ला. तू 'बरं मम्मी' म्हणालास आणि अकोल्याची बॅग भरायला उठलास. गोवळकोंड्याला मला राग आला होता, रागात माणूस करतो काहीही, असं मी स्वतःला समजावू शकतो. त्या दिवशी जेवताना मला राग आलेला नव्हता. मला फक्त माझी इभ्रत राखायची होती, आणि त्यासाठी मी तुझं नागपूर जाऊ दिलं. हे दुसरं पहिल्यापेक्षा वाईट आहे. मला ते त्या घासालाच कळलं होतं.

आज सकाळी मी आईला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. मला वाटलं होतं, सूप फेकेल, ओरडेल. तिनं सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, 'म्हंजे दोन महिने पोरगं तुमच्यासाठी खोटं बोलून राह्यलं? आन् मी त्यालेच बोलली?' एवढंच. पौर्णिमा दारात उभी होती. तिनं ऐकलं, आणि तेव्हापासून ती माझ्याशी बोललेली नाही. मला वाढायचं तिनं वाढलं, पण ताट ठेवून निघून गेली.

दुपारी आईनं कपाटातून तुझी मार्कशीट, टीसी, जातीचा दाखला, सगळं काढून पिशवीत भरलं. मी आणलेली प्रिंट मागून घेतली. उद्या पहिल्या गाडीनं ती अकोल्याला येते आहे. तुला घेऊन तशीच नागपूरला जाईल, मंगळवारी प्रवेश पक्का करेल, हॉस्टेलचंही पाहील. मी म्हणालो, रजा टाकतो, मीही येतो. ती म्हणाली, 'तुमी नका येऊ.' मी वाद घातला नाही. हे पत्र तिच्याच हाती देतो आहे. पाकीट चिकटवलं आहे, ती फोडणार नाही.

तेव्हा नागपूरचं झालं. ते काही माझे उपकार नाहीत, तुझं होतं ते उशिरा परत मिळालं. तू तिथं हवा तितका वेळ एका दरवाज्यापुढं उभा राहा. कुणी तुला हाक मारणार नाही.

मी तुझी माफी मागतो. बाप मुलाची माफी मागत नसतो, असं आपल्या घरात कुणी म्हटलेलं नाही, पण मागतानाही मी कुणाला पाहिलेलं नाही, म्हणून कशी मागतात ते मला येत नाही. जशी आली तशी मागितली.

एकच गोष्ट मला कळत नाही, आणि ती तुझ्याशिवाय कुणी सांगू शकणार नाही. तू माझं खोटं झाकलंस ते कशासाठी? पप्पांची चार लोकांत शोभा होऊ नये म्हणून? की तुला माझी भीती वाटली म्हणून? ते चौदा किलोमीटर चालताना तुला एकदा तरी असं वाटलं का, की हा माणूस मला न्यायला परत येणार नाही? माझ्यासाठी झाकलं असशील तर आता ते ओझं खाली ठेव, आईला माहीत झालं आहे, उद्या आजोबांनाही मीच सांगतो. आणि भीतीनं झाकलं असशील, तर तेही लिही. फोनवर नको. लिहायला महिना लागला तरी चालेल, वर्ष लागलं तरी चालेल.

जे असेल ते खरं लिही. मी वाचेन.

तुला बघत राहिलेला,
पप्पा