उभा राहिलेला फ्रॉक

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार (गुडघे वाकत नाहीत, म्हणून खुर्चीत बसूनच, गोड मानून घे). तुझी कंबर कशी आहे? भाऊजींचा खोकला गेला की अजून मुक्कामालाच आहे? इकडे माणसं ठीक, घराचं मात्र विचारू नकोस.

पहिल्या तारखेपासून सूनबाई परत ऑफिसला जाणार. भिंगरीला (आपली अडीच वर्षांची नात गं) मी सांभाळेन, असं मी छातीठोकपणे सांगून बसलो, आणि ही पोर माझ्याजवळ फिरकेल तर शपथ! मांडीवर घेतली की वळवळून खाली उतरते. मिशांना भीत असेल म्हणून चाळीस वर्षांच्या मिशा उतरवल्या. (दूधवाल्याने मलाच विचारलं, आजोबा आहेत का घरात?) तरी नाहीच. शेवटी सूनबाई चाचरत म्हणाली, महिनाअखेरपर्यंत जमलं नाही तर पाळणाघर बघावं लागेल. ताई, फार लागलं मला ते.

मग तिनेच फ्रिजवर एक कागद चिकटवला. सेन्सरी प्ले म्हणतात त्याला. मुलांनी चिवडायचं, कालवायचं, बोटांनी चाचपून बघायचं. त्याने म्हणे मुलं उमलतात. आता मी अख्खा जन्म लाँड्रीत काढलेला माणूस. डाग दिसला की माझा जीव खालीवर होतो, आणि इथे मुद्दाम डाग पाडायचा कार्यक्रम! पहिल्या दिवशी भिंगरीने रंगीत पाण्यात हात घातला की मी पुसायचो, तिने घातला की मी पुसायचो. तासाभरात दोघंही रडकुंडीला आलो.

काल कागदावर होतं, कॉर्नफ्लॉवर गार पाण्यात कालवून द्या. अगं, म्हणजे कपड्यांची खळच की! ती काय आम्हाला दुसऱ्याने शिकवायची? मी रीतसर शिजवली, गाळली, निवू दिली, निळीचे दोनच थेंब टाकले आणि परातभर अस्सल खळ तिच्यापुढे ठेवली. तिने पहिली मूठ माझ्या सदऱ्यावर मारली. अर्धा सदरा ओल्या खळीने लडबडलेला आणि अर्धा कोरडा कडक, हे काही मला बघवेना. काढला आणि अख्खा बुडवला. झालं! बाईसाहेबांना खेळ कळला. मोजे बुडाले, बाहुलीची टोपी बुडाली, चिरंजीवांचा टॉवेल बुडाला, शेवटी अंगातला फ्रॉकसुद्धा. थांबवायला हवं होतं, कबूल, पण तिच्यापेक्षा माझेच हात जास्त शिवशिवत होते. सगळं पिळून गॅलरीत उन्हात टाकलं.

दुपारी फ्रॉक दोरीवरून काढून खाली ठेवला, तर तो आपला आपण उभा राहिला! भिंगरीने त्याच्यावर टकटक केलं आणि अशी खिदळली म्हणून सांगू! मग माझा वाळलेला सदरा चाचपला आणि तोंड वाकडं करून म्हणाली, "टोचतं." मी नुसत्या बनियनवर होतो (जुनं, भोकं पडलेलं, आतल्या कपड्याला कोण बघतं म्हणून त्याला मी खळ देत नाही). तिने त्यावर एक बोट फिरवलं, मग पंजा ठेवला, मग गालच टेकवला. दहा मिनिटांत माझ्या मांडीवर झोपली. ताई, मिशांचा काही संबंधच नव्हता गं! पोरीला माझे कपडे बोचत होते, आणि मी गाढव, ती सकाळी उठून आली की स्वागताला नवा कडक सदरा चढवत होतो. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू.

बाकी सर्व क्षेम. प्रकृतीला जप.

तुझा,
धाकटा

ता. क. बनियनवर बागेत जायला सूनबाईंची सक्त मनाई आहे, आणि माझ्या कपाटात मऊ म्हणावा असा एक कपडा नाही. तेव्हा भाऊजींचे दोन-तीन जुने, विरलेले सदरे पाठवशील का? पहिल्या तारखेच्या आत.

ता. क. २. भाऊजींच्या चुरगळलेल्या कपड्यांवरून तुझ्या लग्नापासून मी जे जे बोललो, ते सगळं मागे घेतो. (हे त्यांना सांगू नकोस, नुसते सदरे काढून घे.) आणि हे मी लिहितोय यावर तुझा विश्वास बसणार नाही, पण ताई, पाया पडतो, त्या सदऱ्यांना इस्त्री करू नकोस.