नान्तेचे खलनायक

दुमागेते, ४ फेब्रुवारी

चि. इंदाय पेलाग्यास, धाकट्या बहिणीस, थोरल्या भावाचे अनेक आशीर्वाद.

तुझे गुडघे कसे आहेत? मेहुणेबुवा लुसियोंचा खोकला गेला का? धाकटी सून सुखरूप बाळंत झाली ना? आणि ती एका डोळ्याची कोंबडी अजून अंडी देते की तुम्ही तिचा रस्सा केलात? वादळात तुमच्याकडचा फोनचा मनोरा आडवा झाल्यापासून बेटावरचं काहीच कळत नाही, म्हणून हे पत्र बोटीवरच्या खलाशाच्या हाती देतोय.

इथे माझा जीव टांगणीला लागलाय. माझ्या रोदुल्फोने आपल्या पोराला, नान्तेला, घराबाहेर काढलं त्याला वर्ष होत आलं. नान्ते जहाजावरची नोकरी सोडून सिनेमांवर लिहिणार म्हणाला, तर बाप म्हणाला की या घरातला खलनायक तूच, पुन्हा तोंड दाखवू नकोस. नातू गेला, फोनचा नंबरही बदलला. पण कुणाला न सांगितलेलं आज तुला सांगतो. नाणं टाकून संगणक वापरायच्या माझ्या दुकानात, माझ्या संगणकावर त्याचं खातं उघडंच राहिलं होतं. तो असेल तिथे जे पान वाचायचा, ते माझ्या ब्राउझरच्या कोपऱ्यात उमटायचं. रोज सकाळी एक खलनायक, त्या महानायकांच्या सिनेमांतला. कुणी शहर बुडवतोय, कुणी सूर्य विझवायला निघालाय. मी प्रत्येक पान शेवटपर्यंत वाचायचो. खरं सांगू, मला ते मेले आवडायला लागले. नायक नुसता उडतो आणि बुकलतो, डोकं चालवतो तो खलनायक. सगळा बेत पार पाडत आणतो आणि ऐन वेळी तो नायकालाच समजावून सांगत बसतो, तिथेच मरतो. जन्मात कुणी ऐकून घेतलेलं नसतं ना बिचाऱ्याचं!

गेल्या आठवड्यात गिऱ्हाइकांनी कटकट लावली. नाणं टाकलं की वेळ धावू लागतो आणि तुमचा जुना ब्राउझर चिखलातल्या रेड्यासारखा बसून राहतो, म्हणाली. मी सगळ्या संगणकांवर नवा घातला, माझ्याही. आपल्या आईची शिकवण तुला ठाऊकच आहे, नवा झाडू आला की जुना घरात ठेवायचा नाही, नवा रुसतो. मी जुना पुसून टाकला. आता कोपरा रिकामा आहे, इंदाय. त्याच्या खात्याचा परवलीचा शब्द मला ठाऊक नाही. पोर जिवंत आहे की नाही हे मला आता कोण सांगणार?

तुझा,
क्रिसांतो

लासी, ९ फेब्रुवारी

ती. मानोयस, माझ्या थोरल्या भावास, तुमचा हात कपाळाला लावून इंदायचा नमस्कार.

गुडघे कुरकुरतात, खोकला ठाण मांडून आहे, सुनेला मुलगी झाली आणि कोंबडी तुमच्यापेक्षा तरतरीत आहे. ब्राउझर म्हणजे काय ते मला कळेना. लुसियो म्हणाले, जग बघायची खिडकी समज. मग मानोय, खिडकी बदलली म्हणून बाहेरचं झाड मरतं का? जेवत जा. आणि रोदुल्फोला सांगा. वर्षभर एकटेच चोरून नातवाला भेटत होतात, आता काळजी तरी वाटून घ्या. आम्हा गरिबांवर लोभ आहेच, तो आटू देऊ नका.

तुमची,
पेलाग्या

दुमागेते, १७ फेब्रुवारी

चि. इंदायस आशीर्वाद.

रोदुल्फोला सांगितलं. मला वाटलं ओरडेल. तो गुमान संगणकापुढे बसला आणि परवलीचे शब्द घालून बघू लागला. पोराच्या आईचं नाव, कुत्र्याचं, पहिल्या जहाजाचं. शेवटी खात्यानेच दार लावून घेतलं. मला म्हणाला, पोराला काय आवडतं तेसुद्धा मला ठाऊक नाही, बाबा.

परवा पेपरात आलं की सेबूच्या बंदरात एका तरुणाचं प्रेत सापडलंय, ओळख पटलेली नाही. रोदुल्फो मिळेल त्या बोटीने गेला. नान्ते नव्हता तो, कुणा दुसऱ्याचा मुलगा होता. परत आल्यापासून दाराच्या पायरीवरच बसून आहे, आत यायला तयार नाही. मी भात शिजवतो आणि तसाच झाकून ठेवतो. इंदाय, माझं डोकं चालत नाही. तुझ्या देवाला सांग, माझं तर तो ऐकेनासा झालाय.

क्रिसांतो

लासी, २१ फेब्रुवारी

ती. मानोयस, हात कपाळाला लावून नमस्कार. आधी बसून घ्या.

नान्ते माझ्या ओसरीवर आहे. काल आला. वाळलाय, दाढी वाढलीय, पण धडधाकट आहे. आल्या आल्या त्याने मला विचारलं की लोलोला, म्हणजे आजोबांना, कुठे पुरलं!

मी म्हटलं, तुझा लोलो दुमागेतेत बसून रडतोय, मुडद्या. मग हळूहळू बोलला. मानोय, त्याच्याही कोपऱ्यात तुम्ही उमटायचात. तुम्ही काय वाचता, कुठवर वाचता, सगळं त्याला दिसायचं. खलनायकांचा त्याला केव्हाच कंटाळा आलाय, पण लोलो शेवटपर्यंत वाचतो म्हणून तो रोज सकाळी एक शोधून उघडायचा. तुम्ही जुना ब्राउझर पुसलात, त्या दिवशी त्याच्या कोपऱ्यातून तुमचं दुकान नाहीसं झालं. त्याला वाटलं, लोलो गेला आणि घरच्यांनी कळवलंसुद्धा नाही. जवळजवळ तीन आठवडे तो एकटाच रडला. मग बापासमोर जायची छाती होईना, म्हणून माझ्याकडे आला.

रोदुल्फोने सेबूला जाऊन काय पाहिलं, ते मी त्याला सांगितलं. तेव्हापासून ओसरीच्या कडेला बसून समुद्राकडे बघतोय. बापासारखाच बसतो, बघा. बोटीत बसायला तयार आहे, पण म्हणतो, ज्याने जा म्हटलं त्यानेच ये म्हणावं.

तेव्हा मानोय, उत्तर पहिल्या बोटीने धाडा. आणि या खेपेला ते तुम्ही लिहू नका.

तुमची,
पेलाग्या