समोरच्या फळ्यापेक्षा कमी

मी, गल्लीत 'चिपवाली काकू' म्हणून ओळखली जाणारी, कॉम्प्युटरच्या चिपा विकून पोट भरलेली विधवा, माझ्या पश्चात कोणी कोणाच्या झिंज्या उपटू नयेत म्हणून हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरीणबाईंनी दिला आहे. दाखला देताना त्यांनी नव्या कॉम्प्युटरवर सूट मागितली आणि मी ती दिली नाही. आणखी पुरावा लागू नये.

कलम १. राहते घर, त्यातील सामान व बँकेतील ठेवी माझ्या मुलास मिळाव्यात. दुकानावर त्याने हक्क सांगू नये. शाळेत असताना त्याने चिपवर पंखा न बसवताच कॉम्प्युटर सुरू केला होता आणि धूर निघाल्यावर मला हाक मारली, "आई, चालू झाला." त्याच दिवशी मी काय ते समजले. मुलगा गुणी आहे, दूरच्या शहरात चांगल्या नोकरीला आहे, तिथेच सुखी असो.

कलम २. दुकानाविषयी लिहिण्याआधी समोरच्या दुकानाविषयी लिहिणे भाग आहे. यजमान गेल्यावर मी गल्ल्यावर बसले. धाकटे दीर तोवर भागीदार होते. बाईच्या हाताखाली काम करणे त्यांना जड गेले, म्हणून त्यांनी गल्लीच्या पलीकडे स्वतःचे दुकान थाटले. मी बड्या कंपनीची चिप विकायचे, तर त्यांनी तिच्याशी टक्कर घेणाऱ्या धाकट्या कंपनीची धरली. दोघांच्या दारात फळा. रोज सकाळी खडूने भाव लिहायचा, पण आधी कोण लिहिणार? जो आधी लिहील तो फसला. मग दोघेही हातात खडू घेऊन फळा पुसत उभे राहायचो. भाऊजी तर शेजारच्या न्हाव्याच्या आरशातून माझा फळा वाचायचे. मला ते ठाऊक होते, म्हणून मी आकडे मोठे काढत असे.

एकदा मी त्यांच्याच कंपनीच्या चिपचा भाव खरेदीच्याही खाली लिहिला. ती चिप माझ्याकडे नव्हतीच. भाऊजी इरेला पेटले, आणखी खाली उतरले, आणि मी धाडलेल्या कॉलेजच्या पोरांनी दुपारपर्यंत त्यांचा सगळा माल उचलला. पुढे तोच माल मी वाजवी भावात विकला. याबद्दल मला काडीचाही पश्चात्ताप नाही, आणि मृत्युपत्रात खोटे लिहू नये म्हणतात.

कलम ३. लोखंडी कपाटातील खालच्या कप्प्यातला चिपांचा ट्रे व खडूची एक नवी पेटी दीर यांस द्यावी. ट्रे कागदांवर वजन म्हणून उपयोगी पडेल. एके काळी त्यातली एकेक चिप सोन्याच्या मोलाची होती. मी कर्ज काढून कपाट भरले, आणि तेवढ्यात धाकट्या कंपनीने नवी चिप आणली. बड्या कंपनीने रातोरात भाव पाडले. मला वाटले, आता दुकानाला कुलूप. त्या आठवड्यात भाऊजींचा फळा कोरा राहिला. गिऱ्हाइकाने विचारले तर म्हणायचे, "खडू संपलाय, समोर बघा." खडूची पेटी त्यांच्या गल्ल्यावर होती, मला इथून दिसत होती. माझा बहुतेक माल त्याच आठवड्यात खपला, उरला तो हा ट्रे. त्यांनी कधी विषय काढला नाही, मीही नाही. माल खपला त्या रात्री मला फार रडू आले होते. तोंडावर सांगितले असते तर भाऊजी शेफारले असते, म्हणून इथे सांगते.

कलम ४. आता मुख्य गोष्ट. हेच भाऊजी मागच्या महिन्यात माझ्या मुलाला फोनवर म्हणाले, "तुझ्या आईच्या मागे दुकान मला दे. मग गल्लीत माझाच भाव." मुलाने मला ते खुशखबर म्हणून कळवले. गल्लीत एकच फळा उरला की भाव वर चढतो आणि उतरायचे विसरतो. आम्ही दोघे भांडलो म्हणून इथल्या शिंप्याच्या मुलीकडेही कॉम्प्युटर आला. जिवंतपणी मी माघार घेतली नाही, मेल्यावर तर वेळच वेळ आहे.

सबब दुकान, त्यातील माल, फळा व गिऱ्हाइके मी माझ्या पुतणीस, म्हणजे भाऊजींच्याच मुलीस, देत आहे. लहानपणी बाप तिला माझे भाव बघायला पाठवायचा. ती भाव बघायची, माझ्याकडे जेवायची आणि त्याला चुकीचे सांगायची. भाऊजींच्या जाड बोटांनी चिपच्या पिना वाकायच्या. ती त्या चिपा रुमालात गुंडाळून मागच्या दाराने आणायची आणि मी शिसे काढलेल्या पेन्सिलीच्या टोकाने एकेक पिन सरळ करून द्यायचे. ती पेन्सिलही तिलाच. भाऊजींना अजून वाटते की कंपनी बदलून देते.

अटी: पुतणीने फळा रोज लावावा. भाव समोरच्यापेक्षा कमी असावा, पण तोट्यात जाऊ नये. बापाशी भागीदारी करू नये. मात्र भाव कोसळून बापाचा माल कधी अडकला, तर आठवडाभर तिचाही खडू संपावा.

कलम ५. साक्षीदाराने मजकूर वाचायचा नसतो, फक्त सही होताना पाहायची असते, असे वकिलांनी सांगताच मला साक्षीदार सुचला. भाऊजी आत्ता समोर बसले आहेत. वरची पाने मी हाताने झाकली आहेत.

"वहिनी, दुकानाचं काय लिहिलंत?"

"घराबाहेर जात नाही, भाऊजी."

"मग बरंय," म्हणाले, आणि त्यांनी चहा मागवला. पैसेही स्वतः दिले. मला जरा वाईट वाटले, पण फार नाही.

ठिकाण : दुकानाचा गल्ला, फळा दिसेल अशा बाजूला
दिनांक : चार मार्च, सकाळी, भाव लिहिण्याआधी

सही : चिपवाली काकू

साक्षीदार : डॉक्टरीणबाई (सूट न मिळालेल्या)

साक्षीदार : समोरचा दुकानदार, नात्याने दीर. वहिनींनी माझ्यासमोर सही केली. मजकूर वाचलेला नाही. जे लिहिले असेल ते मला मान्य आहे.