छत्तिसाव्या किलोमीटरचं कुंकू

चकलांबा,
भोगीचा दिवस

सौ. सावित्रीबाई विहीणबाई यांना वनमालाचा नमस्कार. दोन्ही हात जोडून, आणि या खेपेला एका जागी उभं राहून.

इकडे सर्व ठीक. तुमचे गुडघे कसे आहेत? (गुडघ्यांमुळे तुम्हाला देवळाच्या पायऱ्यासुद्धा चढवत नाहीत, असं व्याह्यांकडून कळलं. ऐकून जीव हळहळला. निरगुडीच्या पाल्यानं शेकून बघावं.) व्याह्यांचा खोकला, पवनरावांची नोकरी, म्हशीचं दूध हे सगळं बरं असेल अशी आशा करते. फोनवरच विचारलं असतं, पण महिना झाला तुम्ही माझा फोन उचलत नाही. एकदा उचललात, 'राँग नंबर' म्हणालात आणि ठेवलात. विहीणबाई, तुमचा आवाज मी हजारांत ओळखते. म्हणून हे पत्र तिळगुळाच्या डब्यात घालून पाठवते आहे. डबा परत कराल तर आधी उघडावा लागेल, एवढा विचार मी केलेला आहे.

मुद्द्यावर येते. मागच्या महिन्यात माजलगावच्या धरणापासून निघालेल्या बेचाळीस किलोमीटरच्या शर्यतीत मी तुमच्या दारावरून न थांबता पळत गेले. तुम्ही ओटीचं ताट घेऊन उभ्या होतात, गल्लीतल्या बारा बाया बघत होत्या. हे सगळं मला मान्य आहे. त्यानंतर तुमचा निरोप आला, की संस्कृतीला सातवा लागला तरी तिला पहिल्या बाळंतपणाला माहेरी पाठवणार नाही. जी बाई विहिणीच्या दारात दोन मिनिटं थांबत नाही, ती लेकीच्या उशाशी काय बसणार, असं तुमचं म्हणणं. वाचून तुम्हाला वाटत असेल की वनमाला आता माफी मागायला बसली. तसं नाही. मी माफी मागणार नाही. पण का थांबले नाही ते सांगणार आहे, आणि तिळगूळ खाता खाता तुम्हाला ते ऐकावं लागेल.

याला सुरुवात साखरेपासून झाली. तीन वर्षांपूर्वी डॉक्टर म्हणाले, बाई, तुम्हाला शुगर आहे, रोज चाला. मी अंगणवाडीची बाई. सत्तावीस वर्षं दुसऱ्यांची लेकरं काट्यावर तोलली, स्वतः कधी काट्यावर चढले नाही. निघाले चालायला. तिसऱ्या दिवशी पोल्ट्रीवाल्याचं कुत्रं मागं लागलं आणि मी पळाले. कुत्रं दमून बसलं तरी मी पळतच होते. तेव्हा कळलं, की अरे, हे आपल्याला जमतं आहे! एक्कावन्न वर्षांच्या बाईला नवीन काही जमतं आहे, हा आनंद कसा असतो ते मला लिहिता येत नाही.

पण गावाला तो आनंद सोसवेना. आपल्याकडे पायी चाललेलं माणूस गाडीवर घेतल्याशिवाय पुढं जाणं पाप; मग पळणारं दिसल्यावर काय विचारता! पहिल्याच आठवड्यात तीन मोटारसायकली थांबल्या. 'बसा मावशी, दवाखान्यात कोन हाय?' म्हटलं, कुणी नाही. 'मग कावून पळायलाव?' या 'का'चं उत्तर मला आजतागायत नीट देता आलेलं नाही. पुढं कुणीतरी घरी जाऊन यांना सांगितलं, की वहिनी रुसून गेवराईच्या दिशेनं निघाल्या. हे (आमचे भागवतराव तुम्हाला ठाऊकच आहेत, बोलणं कमी आणि घाबरणं जास्त) चार माणसं टमटममध्ये घालून आले आणि भर रस्त्यात हात जोडून म्हणाले, 'झालं गेलं इसर. पुन्हा पत्ते खेळाया जानार न्हाई.' मला पत्त्यांचं काहीच माहीत नव्हतं. मी आपली समजत होते की हे रोज दुपारी सोसायटीच्या बैठकीला जातात. पळण्याचा पहिला फायदा मला तिथं झाला.

मग बोलणं सुरू झालं. तुम्हीही म्हणालात म्हणे, की या वयात विजार घालून पळती. विहीणबाई, शेतात ऊस तोडताना, कापूस वेचताना आपण साडीवर नवऱ्याचा सदरा चढवतो तेव्हा कुणाच्या अब्रूला धक्का लागत नाही. मग सदऱ्याखाली विजार आली तर एवढं काय आभाळ कोसळलं? आणि पळणं म्हणाल तर बाई जन्मभर पळतच असते. टँकर आला, पळ. गाय सुटली, पळ. वाळवणावर पावसाचे थेंब पडले, पळ. तेव्हा ती कामाची, चपळ, गुणाची. तीच बाई सकाळी तासभर स्वतःसाठी पळाली की येडी. हे कुणी ठरवलं ते मला सांगा, मी त्याच्या घरापर्यंत पळत जाऊन विचारून येते. (बूट मात्र मी चुकीचे घेतले होते, ते कबूल करते. यांनी अंदाजानं आणले, एक नंबर लहान निघाले, दोन नखं काळी होऊन गळाली. बूट आणण्याआधी पायाचं माप कागदावर काढावं, हे मी दोन नखं देऊन शिकले.)

आता थांबण्याचं. दोन वर्षांपूर्वी आष्टीकडे एकवीस किलोमीटरची शर्यत होती, माझी पहिलीच. सतराव्या किलोमीटरला माझी मावसबहीण मंगल दारात उभी. म्हणाली, 'एवढ्या लांबून आलीस आन् पानी बी न पिता जातीस?' गेले आत. पाण्याचा चहा झाला, चहाचे पोहे झाले, पोह्यांनंतर तिनं नवीन फ्रीज उघडून दाखवला, मग ओटी भरली. बाहेर आले तर रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मागून ती गाडी आली, मागं पडलेल्यांना उचलणारी. तिच्यात बसलेल्या माणसांची तोंडं तुम्ही बघायला हवी होती, मयतीहून परत चालल्यासारखी. मंगल आजही सगळ्यांना सांगते, वनमालाला किती माणुसकी! पण माणुसकीचं पदक कुणी देत नाही. त्या गाडीत, मांडीवर नारळ घेऊन, मी शपथ घेतली की यापुढं शर्यतीत सख्खी आई दारात उभी राहिली तरी थांबणार नाही. आई आता नाही, म्हणून पाळी तुमच्यावर आली.

आणि बेचाळीस किलोमीटर म्हणजे काय ते तरी समजून घ्या. सात तासांच्या आत पोचायचं. एक मिनिट उशीर झाला तरी पळालेलं सगळं पाण्यात. पहाटे साडेपाचला सुटलो. बाकीच्यांच्या खिशात शक्तीच्या पुड्या होत्या, माझ्या रुमालात गूळ-शेंगदाणे. हे मोटारसायकलवर मागून ताकाची बाटली घेऊन येत होते, पण माझ्या वेगानं गाडी चालवता चालवता वीस किलोमीटरवर गाडी तापून बंद पडली. (मी नाही पडले. हे मी घरात अजूनही अधूनमधून काढते.) पंचवीस किलोमीटरला कारखान्याकडं जाणारे उसाचे ट्रॅक्टर सुरू झाले, दोन-दोन ट्रॉल्यांचे, गाणी लावलेले. एका ट्रॉलीवर ऊसतोडीची बाई बसली होती, बाळ मांडीवर. तिनं वरून विचारलं, 'ओ ताई, कुनी पाठीमागं लागलंय का?' म्हटलं, कुणी नाही, मीच निघाले. ती हसली आणि उसाचं एक कांडं टाकलं. ते चोखत मी पुढचे दोन किलोमीटर ओढले. तिसाव्याला पोटरीत गोळा आला. तेहतिसाव्याला मी अंगणवाडीतली बडबडगीतं म्हणत होते, मोठ्यानं, आणि त्यातलीही निम्मी चुकत होते.

अशा अवस्थेत छत्तिसाव्या किलोमीटरला तुमचं घर आलं. विहीणबाई, मी सगळं बघितलं. रस्ता झाडून सडा घातला होता. दारात पाट होता, पाटाभोवती रांगोळी होती. ताटात नारळ, खण, हळदीकुंकू, दिवा. आतून धपाट्यांचा वास येत होता. माझ्यासाठी एवढं आजवर कुणी केलेलं नाही. माझ्या लग्नातसुद्धा सडा मीच घातला होता. आणि त्या सगळ्यासमोरून मी पळता पळता हात जोडले, 'येते हो विहीणबाई' म्हणाले आणि निघून गेले. मागून तुमची हाक आली, 'अवो, कुकू तरी लावू द्या!' मी वळले नाही. आजही त्या क्षणी मला कुणी नेऊन सोडलं तर मी वळणार नाही. वळले असते तर पाटावर बसले असते, बसले असते तर उठले नसते, आणि त्या गाडीत दुसऱ्यांदा मी बसणार नव्हते.

सहा तास अठ्ठावन्न मिनिटांत पोचले. चोपन्न वर्षांत पहिल्यांदा माझ्या गळ्यात कुणीतरी काहीतरी घातलं, जे लग्नाचं नव्हतं. आंघोळ नाही, जेवण नाही, तशीच गाडीवर बसून (धक्का मारून सुरू केली) तुमच्याकडं आले, ओटी घ्यायला आणि चार शब्द ऐकून घ्यायला. पाट उचलला होता. तुम्ही आतूनच संस्कृतीला म्हणालात, 'इचार त्यांला, आता थांबाया येळ हाय का?' संस्कृती माझ्याकडं बघत उंबऱ्यात उभी राहिली, पोटावर हात ठेवून, ना आत ना बाहेर. तो तिचा चेहरा मला बेचाळीस किलोमीटरपेक्षा जड गेला. तुमचं बोलणं मला लागलं नाही असं मी म्हणणार नाही. लागलं, आणि तुमचा तो हक्कही होता. पण भांडण आपल्या दोघींचं आहे, त्यात तिला उंबऱ्यात उभं करू नका.

मला माझी लेक घरी हवी आहे, विहीणबाई. सरळ सांगते, आडून नाही. तिची खोली सारवून ठेवली आहे, डिंक आणला आहे, अळीव आणले आहेत, यांनी पत्ते सोडून बाज विणायला घेतली आहे. मी तिच्या उशाशी बसेन की नाही ही शंका तुम्हाला आली, तर ऐका: जी बाई पोटरीत गोळा आलेला असताना बारा किलोमीटर टिकते, ती सव्वा महिना जागची हलणार नाही. तिच्या कळा सुरू होतील तेव्हा 'होईल गं सगळं नीट' म्हणणाऱ्या पुष्कळ असतील. 'आता थांबावंसं वाटेल, तरी पुढचं एक पाऊल टाक' हे तिला मीच सांगू शकते, कारण मला ते ठाऊक आहे. तेव्हा पळणं मी सोडणार नाही, माफी मागणार नाही, आणि लेक मागितल्याशिवाय राहणार नाही. यातलं एकही तुम्हाला पटलं नाही तरी तिळगूळ चांगला झाला आहे, तो खा. व्याह्यांना नमस्कार, पवनरावांना आशीर्वाद, संस्कृतीच्या पाठीवरून माझ्या वतीनं हात फिरवा.

तुमची (तुम्ही नाही म्हणालात तरी)
वनमाला

ता. क. वर लिहिलं की मी थांबले नाही, ते सगळं खरं नाही. तुमच्या गल्लीतली पिठाची गिरणी ओलांडली की रस्ता वळतो, तिथं बाभळ आहे. त्या बाभळीखाली मी तीन मिनिटं बसले होते. पोटरीसाठी नाही. तो पाट डोळ्यांपुढून हलेना, म्हणून रडायला बसले होते. हे यांनाही सांगितलेलं नाही.

ता. क. दुसरा. शर्यतवाल्यांनी काल फोटो पाठवले. तीन फोटो डब्याच्या तळाशी, लाडवांच्या खाली ठेवले आहेत. पहिल्यात मी तुमच्या दारासमोर, हात जोडून. दुसऱ्यात मी दूध डेअरीपाशी, आणि माझ्या मागं तुम्ही! पदर खोचलेला, अनवाणी, हातात ताट. तिसऱ्यात गिरणीजवळ, तरी तुम्ही मागंच. दिवा विझला आहे, पण नारळ जागचा हललेला नाही, आणि दर फोटोत आपल्यातलं अंतर कमी होत गेलं आहे. ती एकच हाक मी ऐकली, तुम्ही मागं पळत आलात हे मला कालपर्यंत माहीत नव्हतं. हे काही गुडघे दुखणाऱ्या बाईचे फोटो नव्हेत. गिरणीपाशी तुम्ही थांबलात. अजून पन्नास पावलं आला असता तर बाभळीखाली मी सापडले असते.

म्हणून आता खरं काम. पुढच्या डिसेंबरात दहा किलोमीटरची शर्यतही तुमच्याच दारावरून जाणार आहे. तिच्यात मी तुमचं नाव घातलं आहे. (वय एकोणसाठ लिहिलं. अडीअडचणीला फोन कुणाला करायचा, तिथं माझं नाव दिलं आहे. मी तुमचा फोन उचलते.) संस्कृतीला पाठवाल तेव्हा तिच्या पिशवीत तुमच्या पायाचं माप कागदावर काढून पाठवा, दोन्ही पायांचं, उभं राहून. आणि शर्यतीच्या दिवशी नारळ घरी ठेवून फक्त कुंकवाचा करंडा कमरेला खोचा. मी थांबणार नाही. पण तुम्ही शेजारून पळत असाल, तर कपाळ पुढं करीन.