गाडी दारापर्यंत आली पाहिजे

४ जानेवारी

पुन्हा वाळू. आणि तीही बरोबर पाटीखाली. पाटीवर लाल अक्षरांत लिहिलंय – 'आपत्कालीन मार्ग. मोकळा ठेवावा.' ट्रकवाला पाटी वाचून मुद्दाम तिथंच ओततो की काय, कळत नाही.

समोरच्या मैदानात मोठी इमारत उठते आहे. त्यासाठी आमचा जुना रस्ता पत्रे ठोकून बंद केला आणि बांधकामाच्या कडेनं हा नवा काढून दिला. आग लागली तर बंब, माणूस आडवा झाला तर रुग्णवाहिका – याच वाटेनं यायची. त्यांच्या मजुरांसाठीही आणि आमच्यासाठीही. दुसरी वाट नाही.

गेल्या वर्षी हिला दम लागला तेव्हा गाडी जुन्या रस्त्यानं थेट जिन्यापाशी आली होती. डॉक्टर म्हणाले, "अजून थोडा उशीर झाला असता तर..." ते अर्धं वाक्य माझ्या कानातून जात नाही.

५ जानेवारी

सुपरवायझरकडे गेलो. पोरगेलासा आहे, पण आदबीनं बोलतो.

"काका, वाळू संध्याकाळपर्यंत उचलतो."

"आणि दुपारीच काही झालं तर?"

"दुपारी कशाला होईल?"

"का, तुम्ही विचारून ठेवलंय?"

तो हसला. चांगला माणूस आहे. पण हसतो, त्याचीच मला धास्ती वाटते.

वाळू मात्र दुपारच्या आतच उचलली.

८ जानेवारी

रस्त्याचं माप घेतलं. दुकान बंद करून बरीच वर्षं झाली, पण शिवणकामाची टेप गळ्यातून सुटत नाही. टेप लहान आणि रस्ता रुंद. पडद्याच्या कापडावर करतो तशा खडूनं खुणा करत गेलो. मजूर काम सोडून बघत उभे.

"मास्तर, रस्त्याला पँट शिवताय का?"

"सदरा," मी म्हणालो. "खांद्यात बसत नाहीये."

सगळे हसले. मलाही हसू आलं. पण काँक्रीटचा मिक्सर उभा आहे तिथं माप कमीच भरलं. तडक सुपरवायझरला गाठलं. त्यानं आपली लांब टेप आणून पुन्हा मोजलं. रस्ता पुरेसा निघाला. वाकून वाकून माझी एक खूण मोजायची राहिली होती. जन्मभर लोकांच्या कमरा मोजल्या आणि रस्त्याच्या कमरेत चुकलो.

त्यानं तरीही मिक्सर सरकवला. म्हणाला, "तुम्हाला झोप लागायला हवी ना."

घरी येऊन घाम पुसला. थंडीत एवढा घाम! वाकण्याची सवय राहिली नाही.

९ जानेवारी

झोप लागली.

१५ जानेवारी

आता नवीनच. वाळू नाही, खडी नाही, तर बाहेरच्यांच्या गाड्या. रस्त्याच्या तोंडाशी गेट आहे ते सताड उघडं. बाजाराला आलेले लोक बिनदिक्कत आत गाडी लावून निघून जातात. आज एक पांढरी गाडी दुपारभर तशीच. मालक आल्यावर मी म्हणालो, "ही रुग्णवाहिकेची जागा आहे."

तो म्हणाला, "मग येऊ दे की रुग्णवाहिका, काढतो."

अंगाचा तिळपापड झाला. ही खिडकीतून हाका मारत होती – "अहो, वर या. तुमचा आवाज चढला की मला धडकी भरते." म्हणजे हिला धडकी भरू नये म्हणून मी भांडायचं, आणि मी भांडतो म्हणून हिला धडकी भरायची.

१७ जानेवारी

कुलूप आणलं. चांगलं जाडजूड. सुपरवायझरला विचारूनच लावलं. त्यांचे ट्रक आता पुढच्या गेटनं येतात, त्यामुळे त्याची हरकत नाही. फक्त म्हणाला, "एक किल्ली माझ्याकडे द्या, मास्तर. या गेटला कुलूप असलं तर किल्ली जागेवर पाहिजे. नियम आहे आमचा."

देतो म्हणालो.

१८ जानेवारी

दिली नाही. द्यायला म्हणून गेलो होतो. हा गडी आपली पेन्सिल शोधत होता. टेबलाखाली, खिशात, हेल्मेटमध्ये. पेन्सिल कानावर. जो माणूस कानावरची पेन्सिल शोधतो त्याच्या हातात हिचा जीव कसा द्यायचा? तसाच परत आलो.

एक किल्ली सुतळीत ओवून गळ्यात घातली, टेपेसोबत. दुसरी बटणांच्या डब्यात टाकली. हिला सांगून ठेवलं, कुणालाही द्यायची नाही.

ही म्हणाली, "आणि तुम्ही बाहेर गेला असलात, तर गाडीनं काय पत्र्यावरून उडी मारायची?"

"मी कुठं जाणारच नाही."

"छान. म्हणजे आता राखणदार मिळाला मला."

२० जानेवारी

सुपरवायझर जिन्यापाशी भेटला. किल्ली मागेल म्हणून मी आधीच तोंड चुकवलं. त्यानं विषयच काढला नाही. विसरला असणार. बघा, म्हटलं नव्हतं!

२६ जानेवारी

बटणांचा डबा रोज सकाळी हलवून बघतो. किल्ली खुळखुळते. मग बरं वाटतं.

रस्ता स्वच्छ, रिकामा. खिडकीतून बघत बसतो. असा मोकळा रस्ता बघायलासुद्धा सुख वाटतं.

३० जानेवारी

भाजी आणायला ही जाते, गेटच्या कडेच्या पायवाटेनं. मी जाऊ शकत नाही, किल्ली माझ्यापाशी. ही हळूहळू जाते, वाटेत सुपरवायझरच्या शेडपाशी खुर्चीवर टेकते, पुन्हा चालते. येताना चेहरा टवटवीत. म्हणते, डॉक्टर चाला चाला म्हणत होते, आता चालणं झालं.

मी मात्र ती परत येईपर्यंत खिडकीचा गज सोडत नाही.

६ फेब्रुवारी

लेकीचा फोन.

"बाबा, तुमची तपासणी होती ना या आठवड्यात?"

"पुढं ढकलली."

"का?"

"गेटची किल्ली कुणापाशी ठेवू?"

मग म्हणाली, "आई सांगत होती, तुम्ही जिन्यात मधेच थांबता."

"टेकतो जरा. म्हातारा माणूस टेकणार नाही तर काय उड्या मारणार?"

"बाबा, किल्ली आईला द्या आणि दवाखान्यात जा."

"आणि आईला दम लागला तर कुलूप आईच उघडणार का?"

तिनं फोन हिला द्यायला सांगितलं. दोघी कुजबुजत होत्या. माझ्याबद्दल कुजबुजायचं असलं की ही स्वयंपाकघरात जाते, आणि काम चाललंय असं मला वाटावं म्हणून भांडी वाजवते.

११ फेब्रुवारी

गेटच्या बाहेर, अगदी तोंडाशी कुणीतरी विटांचे तुकडे टाकले होते. आमच्या सुपरवायझरचे नव्हेत, शेजारच्या दुकानाचं काम चाललंय त्यांचे. घमेलं कुणाला भरायला सांगणार? स्वतःच कडेला सारले. डावा हात दुखतोय. वजनानं दुखणारच.

ही तेल चोळून देत होती. एकदम म्हणाली, "तुम्हाला स्वतःची काळजी का वाटत नाही हो?"

म्हणालो, "एका वेळी एकाचीच वाटते."

ती नुसती चोळत राहिली.

१२ फेब्रुवारी

हात अजून तसाच. दुपारी गेट बघून येतो.

२१ फेब्रुवारी

रुग्णालयातून लिहितोय. अक्षर वेडंवाकडं येतंय.

गाडी आली, ती माझ्यासाठी. त्या दिवशी जिन्यात कोसळलो तो पालथा. टेप, सुतळी, किल्ली सगळं अंगाखाली. ते मला काही आठवत नाही. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलं. या वेळी वाक्य पुरं केलं.

आज हिला विचारलं, "कुलूप तोडावं लागलं असेल."

"तोडायचं कशाला? सुपरवायझरनं उघडलं. दुसरी किल्ली तुम्ही डब्यात टाकलीत, ती मी लगेच दुसऱ्याच दिवशी त्याला देऊन आले होते. त्यानं ती शेडमध्ये खिळ्यावर टांगून ठेवली होती, बसल्या जागेवरून दिसेल अशी."

"मग डब्यात खुळखुळत होती ती?"

"जुन्या ट्रंकेची."

मला राग यायला हवा होता. आला नाही. म्हणालो, "तुला स्वतःची एवढी भीती वाटत होती तर मला सांगायचं."

ती माझी चादर नीट करत होती. म्हणाली, "माझ्यासाठी तुम्ही होतातच की. किल्ली तुमच्यासाठी दिली होती."