सुनीताच्या ताटातली भारंगी

३ जुलै
शाहूवाडीकडची वाडी, आहार-पाहणीचा दिवस चौथा. आज सुनीताचं ताट मोजलं. सातवा महिना. दोन भाकरी, भात, भारंगीची भाजी वाटी भरून. सासू शेजारी बसून आग्रहाने वाढत होती. रात्री खोलीवर तक्ता उघडला तर त्यात भारंगीच नाही. कशात किती लोह ते याच तक्त्यावरून काढायचं, आणि अख्खा डोंगर पावसाळाभर खातो ती भाजी गायब. सरांना फोन.
"पालक म्हणून टाक."
टाकला.

४ जुलै
सुनीताचं लोह कागदावर पुरेसं! वाडीतल्या आशा वर्कर मंगलताईंना सांगितलं.
"पुरेसं? हापशावरनं एक घागर आणताना दोनदा बसतीया ती. रगात वाढंना म्हणून मी रडतोय हितं."
अहवालात जिथे लोह कमी दिसेल तिथेच लोहाच्या जादा गोळ्या जाणार. म्हणजे ही वाडी गळणार. माझ्या पालकामुळे.

७ जुलै
भाजी करताना पाहायला गेले. सासूने पाला उकडला, घट्ट पिळला, हिरवं पाणी मोरीत ओतलं.
"पाणी टाकता?"
"मग? कडूजार लागतंय की. कोण खाईल?"
पाण्यातून किती गेलं, देव जाणे. शिजलेली भाजी डब्यात घेतली, बर्फ लावून लोह तपासायला कोल्हापूरच्या लॅबला.

८ जुलै
लॅबचं यंत्र बंद. दुरुस्तीवाला पुण्याहून येणार. कधी? "येईल."

११ जुलै
काल दिवसभर लाइट नव्हती. लॅबचा फ्रीज उघडला, भाजी आंबलेली. ओतून दिली. डोकं नुसतं

१४ जुलै
सर चिडले. "एका पाल्यासाठी अहवाल अडवणार का? सोमवारी द्यायचाय." पालक काढून भारंगीच्या लोहाचा रकाना रिकामा ठेवून पाहिला, संगणक पुढे जाऊ देईना. शून्य टाकलं, लगेच गेला. शून्य लिहिलं तर गोळ्या येतील. पण तेही खोटंच. पुसलं. परत लिहिलं. परत पुसलं.

१६ जुलै
नवीन नमुन्यासाठी वाडीवर. सासू रोपलावणीला गेलेली, सुनीता एकटीच जेवत होती. अर्धी भाकरी, भाजी चिमूटभर.
"एवढंच? त्या दिवशी तर दोन भाकरी होत्या."
"त्या दिशी तुमी मोजाय बसलासा. पावण्यांम्होरं कमी कसं वाढायचं, म्हणल्या आत्ती. रोजचं ह्येच."
म्हणजे नुसती भाजी नाही, ताटच चुकलेलं. आणि बाकीच्या घरांतली ताटं? तिथेही मी समोरच बसले होते.
वजनकाटा पिशवीतच राहू दिला. तिनेच ताट माझ्याकडे सरकवलं.
"मोजा की ताई. आत्ती याच्या आत."
मोजलं. वहीत सुनीताच्या नावापुढे आता दोन आकडे आहेत, पाहुण्यांसमोरचा आणि रोजचा. सरांना अजून कळवलेलं नाही.